शब्दाआधी सापडलेली हाडं

रत्नागिरीत डायनासोरवर बोलायचं म्हटलं की प्रश्न ठरलेला: आपल्या जांभ्यात त्यांची हाडं मिळतील का? नाही. हा जांभा मुख्यतः लाव्हाचा खडक कुजून, बदलून झालेला, आणि तापलेल्या लाव्हात हाड टिकत नाही. हाडं मिळतात ती लाव्हाखालच्या किंवा दोन थरांमधल्या गाळात.

अशी हाडं जबलपूरला १८२८ मध्ये मिळाली. शोधणारे कॅप्टन स्लीमन, हो, तेच ठगांचा बंदोबस्त करणारे. तेव्हा 'डायनासोर' हा शब्दच नव्हता! तो रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये तीन इंग्लिश प्राण्यांवरून घडवला. नुसत्या आकारावरून नव्हे; त्यांनी कंबर पाहिली. तिथले मणके एकमेकांना सांधलेले, आणि पाय खांबांसारखे थेट अंगाखाली. सरड्याचे पाय बघा, बाजूला फाकलेले असतात. आजही आपण कंबरच तपासतो: खुब्याच्या खोबणीला आरपार भोक आहे का? म्हणून आकाशात उडणारे टेरोसॉर यात बसत नाहीत, आणि परसातली कोंबडी मात्र बसते. रविवारी हाड टाकण्याआधी जरूर बघा.

जबलपूरच्या मणक्यांना टायटॅनोसॉरस हे नाव मिळालं १८७७ मध्ये, जवळपास पन्नास वर्षांनी. त्याच गटातल्या प्राण्यांची हाडं आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, पिसदुऱ्यालाही सापडली. तिथे दगड झालेली विष्ठाही मिळते. २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म कण सापडले, त्यात भाताच्या दूरच्या नातेवाइकांचेही. तोवर डायनासोरांनी गवत खाल्लं असेल असं कुणी धरतच नव्हतं.