बेरोजगार म्हणजे अकुशल नव्हे

आपल्या वस्त्यांमध्ये बेरोजगार तरुणाला पहिला प्रश्न असतो, "शिक्षण किती?" नोंदणी करताना आम्ही दुसराही विचारतो, "कोणकोणतं काम येतं?" तेव्हा बी.ए. झालेला मुलगा सांगतो, तीन वर्षे वायरमनच्या हाताखाली होतो. घरकाम करणारी ताई सांगते, अंथरुणाला खिळलेल्या आजींचं सगळं मीच करते. ही कौशल्ये कागदावर नसतात, म्हणून मजुरी 'अकुशल'चीच मिळते.

माणूस आणि काम यांची गाठ घालून देणे ही शासनाची जबाबदारी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे यासाठी १९४५ साली त्यांच्याच खात्याखाली सेवायोजन यंत्रणा उभी राहिली. आजची सेवायोजन कार्यालये हा तिचाच वारसा आहे.

आज कोणासाठी कोणता मार्ग?

अनुभव आहे, प्रमाणपत्र नाही : पंतप्रधान कौशल्य विकास योजनेतील 'आरपीएल'. यात आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. ते आयटीआयची जागा घेत नाही, पण कौशल्याचा पुरावा ठरते.

शिक्षण आहे, अनुभव नाही : १९६१ च्या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवारी. विद्यावेतन मिळते आणि अनुसूचित जातींसाठी जागा राखीव असतात. १९९० पासून केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांनाही लागू आहेत. त्यासाठी जातीचा दाखला आधीच काढून ठेवा.

स्पर्धा परीक्षा द्यायची आहे : पुण्याच्या 'बार्टी'च्या प्रशिक्षणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

सर्वांसाठी : राज्याचे 'महास्वयम' आणि केंद्राचे 'नॅशनल करिअर सर्व्हिस' या पोर्टलवर नाव नोंदवा. नोंदणी मोफत आहे. पैसे मागणाऱ्या दलालाला दारात उभे करू नका. कौशल्याचा रकाना रिकामा सोडू नका.

एक सावधगिरी मात्र हवी. 'योग्य काम' म्हणजे जातीने लादलेले काम नव्हे. पदवीधर मुलाच्या हातात केवळ वस्ती पाहून कंत्राटी झाडू दिला जातो, तेव्हा त्याचे कौशल्य कोणी विचारलेलेच नसते. सम्यक आजीविका अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. स्वाभिमानाने जगता येईल असे काम मागणे हा धम्माचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

म्हणून प्रत्येक विहारात एक वही ठेवू या. नाव, शिक्षण, येणारे काम, हवे असलेले काम असे चार रकाने पुरेत. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास द्या आणि महिन्यातून एकदा ती वही घेऊन सेवायोजन कार्यालयात जा.