संप्रेरकाचा निरोप



१९५६ साली बालाघाट नव्या मध्य प्रदेशात गेले, तरी नागपूरशी असलेला त्याचा जुना संबंध तुटला नाही. मोठे दुखणे आले की वैनगंगेकाठची माणसे आजही नागपूरची वाट धरतात. तेथे एखाद्या भगिनीच्या स्तनातील गाठीचा तुकडा तपासला, आणि ती गाठ कर्करोगाची निघाली, तर अहवालात एका प्रश्नाचे उत्तर लिहिलेले असते: या पेशींत इस्ट्रोजेनचा ग्राही आहे किंवा नाही? पुढील औषधयोजना पुष्कळ अंशी या उत्तरावर ठरते. त्या एका ओळीमागचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

ग्लासगो येथील शस्त्रवैद्य जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली असे प्रसिद्ध केले की, स्त्रीचे अंडाशय काढून टाकल्यास स्तनातील वाढलेला कर्करोग कधी कधी मागे हटतो. असे का व्हावे, हे कोणास ठाऊक नव्हते. ‘हॉर्मोन’ हा शब्ददेखील १९०५ साली रूढ होऊ लागला. पुढे १९२३ साली ॲलन आणि डॉइझी यांनी अंडाशयातील द्रव्याचा प्रभाव प्रयोगाने दाखविला, आणि १९२९ साली अमेरिकेत डॉइझी व जर्मनीत बुटेनांट यांनी ते संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले.

आपल्याकडेही या प्रश्नाचा मागोवा घेणारी एक विदुषी होती. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईत संशोधन केले, आणि पुढे तेथील कर्करोग संशोधन केंद्रात पेशी-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी स्तनाचा कर्करोग, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध तपासला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

तरीही एक कोडे शिल्लक होते. रक्त हे संप्रेरक सर्व शरीरभर वाहून नेते. मग गर्भाशय आणि स्तन यांनीच त्याला एवढा प्रतिसाद का द्यावा? शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी इस्ट्राडायोलला किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण लावली आणि ते उंदरांच्या माद्यांना टोचले. गर्भाशयाने ते द्रव्य तसेच्या तसे धरून ठेवले. इतर बहुतेक अवयवांनी सोडून दिले. १९५८ साली व्हिएन्ना येथे त्यांनी हा निष्कर्ष मांडला, तेव्हा ऐकावयास अवघे पाच जण होते!

टपालवाला साऱ्या गावातून फिरतो, पण पत्र मात्र ज्याच्या नावाचे त्याच्याच घरी पडते. येथे ते घर म्हणजे पेशीतील ग्राही नावाचे प्रथिन. इस्ट्रोजेन पेशीचे आवरण सहज ओलांडते आणि या ग्राहीला बिलगते. मग ग्राहीचा आकार पालटतो, दोन ग्राही जोडीने डीएनएच्या ठरावीक जागी बसतात, आणि तेथील जनुकांतून नवी प्रथिने घडविण्याची आज्ञा सुटते. पेशी वाढते, विभागते. ग्राही प्रथम पेशीद्रवात असतो, असा पूर्वी समज होता; तो मुख्यतः पेशीकेंद्रातच असतो, हे १९८४ साली स्पष्ट झाले. काही ग्राही पेशीच्या आवरणाजवळूनही काही क्षणांत निरोप पुढे धाडतात, हेही आता कळले आहे. १९९६ साली तर ग्राहीचा दुसरा प्रकार सापडला.

या ज्ञानाचे फळ रोग्यापर्यंत पोचले आहे. टॅमॉक्सिफेन हे औषध स्तनपेशीतील ग्राहीची जागा आधीच अडवून बसते, आणि वाढीची आज्ञा सुटत नाही. मात्र ज्या गाठीत हा ग्राही नाही, तिला या औषधाचा लाभ होत नाही. म्हणूनच तपासणी आधी आणि औषध नंतर.

आरंभीची गाठ पुष्कळदा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून घरातील बाई ती पदराआड ठेवते. शंभर वर्षांच्या परिश्रमाने मिळालेले उत्तर तिच्यासाठी तयार आहे. परंतु ते मिळण्यासाठी तिने, आणि तिच्या घरच्यांनी, प्रश्न वेळेवर विचारला पाहिजे.