अतिवेगाने वाहन चालवणे (भारतीय कायदा)

अतिवेगाने वाहन चालवणे हा भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८३ अन्वये दंडनीय अपराध आहे. ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेहून अधिक वेग, एवढाच या अपराधाचा गाभा आहे. मर्यादा किती ओलांडली याचा विचार हे कलम करत नाही. ताशी १२० किमी मर्यादेच्या रस्त्यावर १३० च्या वेगाने जाणारी मोटार आणि १८० च्या वेगाने जाणारी मोटार या दोहोंना दंडाची किमान व कमाल रक्कम सारखीच आहे. काही देशांत तसे नाही. स्वित्झर्लंडमध्ये २०१३ पासून, ५० किमी मर्यादेच्या रस्त्यावर आणखी ५० किमी वेग वाढवल्यास तो चार वर्षांपर्यंतच्या कारावासाचा स्वतंत्र गुन्हा होतो. भारतात अतिशय मोठ्या वेगाचे गंभीर परिणाम इतर कलमांमधून उद्भवतात.

वेगमर्यादा

वेगमर्यादेची तरतूद कलम ११२ मध्ये आहे. कमाल मर्यादा केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ठरवते. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी विशिष्ट रस्त्यावर ती कमी करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेत चालकाखेरीज आठपर्यंत आसने असलेल्या मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर ताशी १२० किमी, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि शहरातील रस्त्यावर ७० किमी अशी मर्यादा घालण्यात आली. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची आखणी ताशी १५० किमी वेग गृहीत धरून झाली असली तरी तेथे मोटारींना १२० पर्यंतच परवानगी आहे. आखणीचा वेग म्हणजे परवानगीचा वेग नव्हे, याचा अनेकांना विसर पडतो.

कलम १८३

१ सप्टेंबर २०१९ पूर्वी या अपराधाला पहिल्या वेळी ४०० रुपयांपर्यंत व नंतर १,००० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने हलक्या वाहनांसाठी तो १,००० ते २,००० रुपये, तर मध्यम व जड प्रवासी किंवा मालवाहू वाहनांसाठी २,००० ते ४,००० रुपये केला. महाराष्ट्राने वाढीव रकमा लगेच लागू केल्या नाहीत. डिसेंबर २०२१ पासून त्या अमलात आल्या. हा दंड तडजोड शुल्क म्हणून न्यायालयाबाहेर भरता येतो. ई-चलान भरणाऱ्यांपैकी पुष्कळांचा कायद्याशी संबंध येथेच संपतो.

दंडापेक्षा जड शिक्षा अनुज्ञप्तीची, म्हणजे लायसन्सची आहे. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर अपराध घडल्यास अनुज्ञप्ती अटकावून ठेवावी, असे कलम १८३ म्हणते. कलम २०६(४) चे शब्द याहून व्यापक आहेत: कलम १८३ खालील अपराध झाल्याचे मानण्यास कारण असेल, तर पोलिसाने अनुज्ञप्ती ताब्यात घेऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवावी. तेथे चालकाचे म्हणणे ऐकून घेतल्यावर पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्रता व पुढील वेळी अनुज्ञप्ती रद्द, असा आदेश होऊ शकतो. वाहन चालवून पोट भरणाऱ्याच्या दृष्टीने हे तीन महिने दोन हजार रुपयांपेक्षा कितीतरी महाग पडतात.

याच कलमात दोन लक्षणीय उपकलमे आहेत. वाहन अतिवेगात होते असे केवळ एका साक्षीदाराचे मत असेल, तर त्या आधारावर दोषी ठरवता येत नाही. ते मत उपकरणाने केलेल्या मोजणीवर आधारलेले असावे लागते. स्पीड गन, इंटरसेप्टर वाहन व कॅमेरे यांचे महत्त्व त्यामुळेच. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या नियम १६७अ नुसार अशा उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, ते दरवर्षी नूतनीकृत व्हायला हवे आणि रस्त्यावर आगाऊ सूचनाफलक असला पाहिजे. कॅमेरा वाहनाचा क्रमांक टिपतो; चालक कोण होता हे पोलिसांनी विचारल्यास सांगण्याची जबाबदारी कलम १३३ नुसार मालकावर आहे.

दुसरे उपकलम मालकाविषयी आहे. नोकराला अतिवेगाने वाहन चालवायला लावणाराही दंडास पात्र असतो. मर्यादा मोडल्यावाचून पाळताच येणार नाही असे वेळापत्रक प्रसिद्ध करणे, हा त्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. रात्रीच्या खासगी बसगाड्यांच्या संदर्भात या उपकलमाची आठवण अधिक वेळा व्हायला हवी.

धोकादायक वाहनचालन

ठिकाणाचे स्वरूप, त्याचा वापर व रहदारी पाहता जनतेस धोकादायक ठरेल अशा वेगाने वा रीतीने वाहन चालवणे हा कलम १८४ खालील निराळा अपराध आहे. येथे मर्यादेचा आकडा निर्णायक नसतो. बाजारपेठेच्या गल्लीत ६० चा वेगही या व्याख्येत बसू शकतो. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तीन वर्षांत पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. गणवेशातील पोलिसासमोर हा अपराध घडला तर कलम २०२ नुसार विनावॉरंट अटक होऊ शकते आणि वेगाच्या कारणावरून दाखल झालेले असे प्रकरण तडजोड शुल्कावर मिटत नाही.

रस्त्यावरील शर्यतीसाठी कलम १८९ आहे. चालक अल्पवयीन असल्यास कलम १९९अ नुसार पालक किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

फौजदारी गुन्हा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. भरधाव किंवा हयगयीने वाहन चालवून इतरांचा जीव धोक्यात घालण्यास कलम २८१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास आहे. कर्नाटक पोलिसांनी ऑगस्ट २०२४ पासून ताशी १३० किमीपेक्षा अधिक वेगाने जाणाऱ्यांवर याच कलमाखाली गुन्हे नोंदवण्याचे जाहीर केले. मोटार वाहन अधिनियमात नसलेला टप्पा अशा रीतीने प्रशासकीय मार्गाने आला. न्यायालयात मात्र केवळ आकडा पुरत नाही. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश (१९९८) या खटल्यात, नुसता मोठा वेग म्हणजे आपोआप हयगय ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. परिस्थितीचा पुरावा द्यावाच लागतो.

मृत्यू घडल्यास कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कारावास होतो. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षे होती. परिणामाची जाणीव असूनही कृत्य केल्याचे सिद्ध झाले, तर सदोष मनुष्यवधाचे कलम लागते. मुंबईत कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा मोटारीखाली मृत्यू झाला. त्या प्रकरणी उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाखाली दिलेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कायम ठेवली. चालकाने मद्यप्राशन केल्याचाही तेथे पुरावा होता.

नुकसानभरपाई

अपघातात दुखावलेल्या त्रयस्थ व्यक्तीला भरपाई देण्याचे विमा कंपनीचे दायित्व, चालक अतिवेगात होता एवढ्या कारणाने टळत नाही. स्वतःच्या हयगयीने मृत्यू पावलेल्या चालकाच्या वारसांना मात्र कलम १६६ खाली भरपाई मागता येत नाही. त्यांच्या हाती वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम, तीही पॉलिसीत तशी तरतूद असल्यासच, उरते.