पीएफलॉगडी

ओपनबीएसडी या संगणकप्रणालीतील ‘पीएफ’ या फायरवॉलच्या नोंदी डिस्कवर लिहिणारी, पडद्याआड अखंड चालणारी सेवा. परवान्याच्या वादातून ओपनबीएसडीने २००१ मध्ये आयपीफिल्टर हा जुना फायरवॉल काढून टाकला. त्याच्या जागी डॅनिएल हार्टमायर यांनी पीएफ लिहिला. डिसेंबर २००१ च्या ३.० या आवृत्तीत पीएफबरोबरच ही सेवाही आली.

पीएफच्या नियमात ‘लॉग’ हा शब्द घातलेला असेल तरच त्या नियमात बसणाऱ्या पॅकेटची प्रत कर्नल ‘पीएफलॉग०’ या आभासी इंटरफेसवर टाकतो. पॅकेट कोणत्या नियमाने अडवले किंवा सोडले, ते आत येत होते की बाहेर जात होते, हा तपशीलही प्रतीला जोडलेला असतो. जोडणीची स्थिती लक्षात ठेवणाऱ्या नियमात मात्र केवळ पहिल्या पॅकेटची नोंद होते, आणि नवख्या प्रशासकाच्या नजरेतून हमखास सुटते ते हेच. जोडणी कोणी उघडली ते कळते, तिच्यातून पुढे किती माहिती गेली ते कळत नाही. त्यासाठी ‘लॉग (ऑल)’ लिहावे लागते, पण वर्दळीच्या जाळ्यावर त्याने डिस्क भराभर भरते.

नोंदी साध्या मजकुरात नसून पीकॅप या द्विमान स्वरूपात असतात आणि टीसीपीडम्प या पॅकेट वाचणाऱ्या साधनाने वाचाव्या लागतात. सुरुवातीला हे गैरसोयीचे वाटते, तरी निर्णय योग्यच आहे: पॅकेट जसे आले तसे राहते आणि त्याला काय विचारायचे ते नंतर ठरवता येते. वेगळे न सांगितल्यास प्रत्येक पॅकेटचे पहिले १६० बाइटच साठवले जातात. टीसीपी, यूडीपीच्या शीर्षकांना ते पुरतात. लिखाण साधारण मिनिटामिनिटाने डिस्कवर उतरते. त्यामुळे चालू हल्ला पाहायचा तर फाइलऐवजी थेट पीएफलॉग० वर नजर ठेवावी.

परक्याने पाठवलेली पॅकेटे हाताळणारा प्रोग्राम स्वतःच हल्ल्याचे लक्ष्य ठरू शकतो. म्हणून ही सेवा दोन प्रक्रियांत विभागली आहे. मोजकी अधिकाराची कामे रूट, म्हणजे सर्वाधिकारी, प्रक्रिया करते. पॅकेटे हाताळते ती जवळजवळ कोणतेही अधिकार नसलेली दुसरी.

जुन्या फाइली बाजूला काढण्याचे काम न्यूसिसलॉग या वेगळ्या साधनाकडे असते. मूळ मांडणीत फाइलीला २५० किलोबाइटची मर्यादा असते आणि तीनच जुन्या फाइली ठेवल्या जातात. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातील कंपन्या व सरकारी संस्थांनी नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. तेथे ही मांडणी वाढवावीच लागते.