बरोबरीचा हक्क व यंत्राचा निर्णय
बुद्धिबळात एकच स्थिती तिसऱ्यांदा आली तरी डाव आपोआप बरोबरीत सुटत नाही. खेळाडूस पंचाकडे तशी मागणी करावी लागते. आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळल्या जाणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या स्पर्धांसही हेच लागू होते. यंत्रास या हक्कासाठी प्रथम स्मृती द्यावी लागली. आल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये प्रत्येक स्थितीस संख्यारूप खूण देण्याची रीत मांडली. अशा खुणांच्या नोंदीवरून पुनरावृत्ती ओळखता येते. परंतु ओळख म्हणजे निर्णय नव्हे. आज्ञावली सामान्यतः बरोबरीचे मूल्य शून्य धरते व आपली स्थिती त्याहून उणी दिसल्यास बरोबरी पत्करते. प्रतिपक्ष दुबळा मानल्यास हे मूल्य शून्याखाली ठेवतात. मग किंचित उणी स्थितीही खेळत राहणे श्रेयस्कर ठरते. २०१४ पासून तीच स्थिती पाचव्यांदा आल्यावर मात्र डाव मागणीवाचून संपतो. तेथे यंत्राची निवडही संपते.