घारापुरीची हरवलेली पुष्पिका

चिंचवड स्थानकावर पहाटेची सिंहगड एक्स्प्रेस पकडायची, घारापुरी पाहायची आणि रात्री परतायचे, असा बेत आम्ही मराठीच्या काही प्राध्यापकांनी एम.ए.च्या विद्यार्थ्यांसह आखला. अर्जात मात्र 'सहल' न लिहिता 'अभ्यासभेट' लिहिले. (सहल म्हटले की सह्या मिळत नाहीत, हा जुना अनुभव.)

वास्तविक हा सारा प्रवास एकाच दगडावरून होतो. मोशीच्या खाणीतला काळा दगड, चाकणच्या कारखान्यांखालचा कातळ, १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावरील बोगदे, गेटवे ऑफ इंडियाचा पिवळसर चिरा आणि समोरचे घारापुरी बेट, सारे बेसाल्टच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि दख्खनचे पठार झाले. तेव्हा बेटावर ज्वालामुखीचे तोंड शोधू नये, असे विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवले होते. तरी बोटीतल्या तासाभरात दोघांनी ते शोधलेच.

प्रश्न मात्र निराळाच निघाला. "सर, हे लेणे कोणी खोदवले?" एका विद्यार्थिनीने विचारले. आम्ही थोडे चाचरलो. आम्हां साहित्यवाल्यांना कर्ता हवा असतो. हस्तलिखित हाती आले की शेवटचे पान उलटून आधी पुष्पिका पाहायची, ही आमची खोड. घारापुरीला पुष्पिका होती. ती काढून नेली गेली.

१५३४ च्या अखेरीस वसईच्या तहाने हा प्रदेश गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु लिहितो की, लेण्याच्या दाराशी एक कोरीव लेख असलेली शिळा होती. ती काढून पोर्तुगालच्या राजाकडे, तिसऱ्या जुआंवकडे, पाठवण्यात आली. तत्पूर्वी ती अक्षरे वाचणारा शोधला, पण हिंदू वा मुसलमान कोणीच सापडला नाही. ही गोष्ट आम्हांला शिळेच्या चोरीहून अधिक खुपते. लेण्याचा काळ सहाव्या शतकाचा मध्य मानतात. म्हणजे हजार वर्षांत आपलीच लिपी आपल्याला परकी झाली होती. ब्राह्मीचा उलगडा जेम्स प्रिन्सेपने केला तो १८३७ च्या सुमारास. तोवर ही शिळा कुठे गेली याचा मागमूस उरला नव्हता. आजही ती सापडलेली नाही.

मग उरतो तो तर्क. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर मिळाली, म्हणून कर्तृत्व कलचुरींकडे देण्याचा कल बराच आहे. दुसरा पक्ष कोकणच्या मौर्यांचा. दुसऱ्या पुलकेशीच्या ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात पश्चिम समुद्रावरील 'पुरी' जिंकल्याचा उल्लेख येतो; ती पुरी म्हणजेच घारापुरी, असे काही अभ्यासक मानतात. नाणी फिरतात आणि नगरांची नावेही फिरतात, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

मुख्य लेण्यात शिरल्यावर मात्र वादाचा विसर पडला. समोरच्या भिंतीवरच्या महामूर्तीला सगळे 'त्रिमूर्ती' म्हणतात. आम्हीही शाळेत तेच शिकलो. पण ब्रह्मा, विष्णू, महेश असे हे तीन देव नव्हेत. तो एकटा सदाशिव आहे. मध्ये शांत तत्पुरुष, एका बाजूस उग्र अघोर, दुसऱ्या बाजूस कमळ हाती धरलेला स्त्रीसुलभ वामदेव. पाचांतली दोन मुखे खडकातच राहिली. पलीकडे अर्धनारीश्वर, गंगाधर, अंधकासुरवध, रावणानुग्रह. बहुतेक मूर्तींचा खालचा भाग फुटला आहे. पोर्तुगीज सैनिकांच्या बंदुकांना दोष देण्याचा प्रघात आहे. तो खोटा नसावा, पण पाण्याचा वाटाही मोठा आहे. बेसाल्ट कठीण खरा, तरी थरांच्या सांध्यांतून पाणी उतरतेच. लेण्यात दगड रचायचा नसतो, काढायचा असतो. छिन्नी चुकली तर दुरुस्ती नाही. खोडाखोडीवाचून लिहिलेले एवढे मोठे पान आम्ही दुसरे पाहिलेले नाही.

त्या विद्यार्थिनीने शिलालेखाची जागा शोधण्याचा हट्ट धरला. तासभर फिरूनही काही हाती लागले नाही. एका खांबावर अक्षरे दिसली म्हणून सगळे धावले. कोणा प्रेमिकाने खिळ्याने कोरलेली दोन नावे होती ती, देवनागरीत, अगदी सुवाच्य.

परतताना हत्ती पाहायचा राहिला. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले, तो बेटावर नाहीच. १८१४ मध्ये त्याचे डोके-मान गळून पडले, १८६४ मध्ये तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले. भायखळ्याला जाऊन येण्याइतका वेळ नव्हता. परतीची सिंहगड पाच पन्नासला सुटत होती.