गिऱ्हाईक, ग्राहक आणि सभासद

हजरतगंजात किंवा अमीनाबादेत किराणा मालाचे एखादे लहानसे नवे दुकान उघडले, की त्याची वार्ता आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीपर्यंत पोहोचल्यावाचून राहत नाही. कोणी सांगते, तेथे जाडे पोहे मिळतात. कोणी सांगते, मिळतात खरे, पण भिजविल्यावर त्यांचा लगदा होतो. कोणास माल आवडतो पण भाव पटत नाही, तर कोणास भाव पटतो पण दुकानदाराचे बोलणे रुचत नाही. कार्यक्रमपत्रिकेतील विषय बाजूस राहतो आणि अर्धा तास कसा सरला ते कळत नाही. वरवर पाहता हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु नव्या दुकानाविषयी गिऱ्हाइकास काय वाटते, या प्रश्नाने गेल्या पावणेदोनशे वर्षांत बराच इतिहास घडविला आहे, आणि त्या इतिहासाचे एक प्रकरण मुंबईच्या मराठी कामगारांनी लिहिले आहे.

आरंभ इंग्लंडातला. रॉचडेल या गिरणगावी २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन नावाच्या गल्लीत २८ जणांनी मिळून एक दुकान उघडले. त्यांच्यांत विणकर होते, इतर कारागीरही होते. लोणी, साखर, गव्हाचे पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच काय तो माल. दाराच्या फळ्या निघाल्या तेव्हा बाहेर जमलेल्या पोरांनी हुर्यो उडविली, असे त्या चळवळीच्या इतिहासकारांनी नमूद केले आहे. पहिल्या दिवशीचा अभिप्राय असा प्रतिकूल होता! परंतु मंडळींचे नियम साधे नि भक्कम होते : माल निर्भेळ, वजन पुरे, व्यवहार रोखीचा, नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांस परत, आणि भाग कितीही असोत, मत एकच. दुकानाच्या फळीबाहेर उभे राहणारे गिऱ्हाईक या नियमांमुळे फळीच्या आत आले, मालक झाले.

ही कल्पना हिंदुस्थानात यावयास साठ वर्षे लागली. १९०४ साली मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात ग्राहकांचे सहकारी भांडार निघाले. त्याच वर्षीच्या सहकारी कायद्यात केवळ पतपेढ्यांचा विचार होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाही नोंदणी खुली केली. पुढे दुसरे महायुद्ध आले. धान्य दुर्मिळ झाले, काळा बाजार फोफावला आणि १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले. दुकानदार आपला आहे की परका, हा प्रश्न चुलीपाशी येऊन ठेपला तो तेव्हा.

याच पार्श्वभूमीवर १९४८ साली मुंबईच्या नायगाव भागात कामगारांनी आपले सहकारी दुकान सुरू केले. ज्या वस्तीत ते निघाले ती गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारी, बी. डी. डी. चाळींतील लहानशा खोल्यांत संसार मांडणारी, बव्हंशी कोकणातून आणि घाटावरून आलेली. हेच दुकान पुढे ‘अपना बाजार’ या नावाने सर्वतोमुखी झाले. साठच्या दशकाच्या अखेरीस तेथे विभागवार मांडणीचे मोठे भांडार उभे राहिले. ‘अपना’ हा शब्द हिंदी असला तरी त्यातील आपलेपणा नायगावकरांनी मराठीतच उच्चारला, असे म्हणावयास हरकत नाही.

मालाला स्वतः हात लावून निवड करावयाची, ही पद्धत अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९१६ साली सुरू झाली. आपल्याकडील मध्यमवर्गास आणि कामगारांस तिचा परिचय मुख्यत्वे सहकारी भांडारांनी करून दिला. १९६६ च्या ६ जून रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, महागाईची धास्ती पसरली, आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये ‘सुपर बाजार’ उघडला. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीचे ‘केंद्रीय भांडार’ त्याआधीच, १९६३ साली, स्थापन झाले होते.

या नव्या दुकानांचा सामान्य गृहिणीच्या मनावर काय परिणाम झाला असेल, याची एक आठवण माझ्यापाशी आहे. आमचे बिऱ्हाड परळला होते. मी सात-आठ वर्षांचा असताना आई मला घेऊन प्रथमच अशा एका भांडारात गेली. आत शिरल्यावर ती बराच वेळ एका जागी उभी राहिली. कोणी तरी ‘काय देऊ, वहिनी?’ असे विचारील, याची ती वाट पाहत होती. कोणी विचारले नाही. मग तिने हळूच तूरडाळीची पिशवी उचलली, उलटसुलट पाहिली आणि आजूबाजूस नजर टाकून परत ठेवली. त्या दिवशी आम्ही काहीच न घेता परतलो. घरी आल्यावर ती वडिलांना म्हणाली, “तिथं वजन लिहिलेलं असतं आणि भावही. विचारावं लागत नाही.” दुसऱ्या खेपेस ती एकटी गेली आणि महिन्याचे सामान घेऊन आली.

‘विचारावे लागत नाही’ या तीन शब्दांत फार मोठे स्थित्यंतर सामावले आहे. शेर-पायलीची मापे जाऊन १९५८ पासून किलोग्रॅम आला. १९७७ च्या नियमांनी बंद पुड्यावर निव्वळ वजन आणि किंमत छापणे सक्तीचे केले. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. परंतु कायद्याने दिलेला अधिकार अंगवळणी पडावयास आईसारख्या असंख्य स्त्रियांना आधी ती डाळीची पिशवी भीत भीत उचलावी लागली.

तथापि वाण्याचे दुकान म्हणजे निव्वळ फसवणूक होती, असे मानणे अन्यायाचे होईल. वाण्याजवळ एक गोष्ट होती, जी सहकारी भांडाराजवळ तत्त्वतःच नव्हती : उधारीची वही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात होते. आमच्या चाळीतील कित्येक घरांच्या चुली पुढे काही महिने त्या लाल वहीवर पेटल्या. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने शक्य होते तोवर दिले, आणि पुढे त्याचाही हात आखडला. रोखीचा नियम रॉचडेलच्या विणकरांनी संस्था बुडू नये म्हणून केला होता. तो योग्यच होता. पण ज्याच्या हाती रोख नाही त्याला ‘आपल्या’ दुकानाची पायरीही चढता येत नाही, हे कटू सत्य मी तेव्हा शाळकरी वयात पाहिले. ओळख आणि हक्क या दोन्ही गोष्टी एकाच दुकानात मिळणे किती अवघड आहे, हे त्यावरून उमगते.

नोकरीनिमित्त लखनौस आल्यावर या प्रश्नाची तिसरी बाजू कळली. येथे वजनाची वा भावाची नव्हे, तर नावाची अडचण. यहियागंजातल्या दुकानात ‘राजगिरा’ मागितला की दुकानदार मान हलवितो. ‘रामदाना’ म्हटले की लगेच पुडी बांधतो. आपली वरी येथे ‘समा के चावल’ होते, रवा ‘सूजी’ होतो, आणि येथील ‘चिवडा’ म्हणजे फोडणीचा कुरकुरीत पदार्थ नसून चक्क कोरडे पोहे! नवीन आलेल्या कुटुंबास ही बाराखडी मंडळातील जुन्या काकू-मावश्यांनीच शिकविली. जे येथे मुळीच मिळत नसे, ते आमसूल, गोडा मसाला नि भाजणी, पुष्पक एक्स्प्रेसने येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतून येत असे, आणि त्या पिशवीत चार घरांचा वाटा ठरलेला असे. नकळत तेही एक सहकारी भांडारच होते.

आज घरबसल्या दहा मिनिटांत सामान दारी आणून देणाऱ्या सेवा लखनौतही पोहोचल्या आहेत. सोय मोठी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु इतिहासाकडे पाहता एक गोष्ट ध्यानी येते. दिल्लीचा सुपर बाजार या शतकाच्या आरंभी बंद पडला. अनेक शहरांतील सहकारी भांडारे ओस पडली. स्पर्धा, अव्यवस्था, सरकारी हस्तक्षेप अशी कारणे सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. पण आणखी एक कारण आहे : सभासद हळूहळू पुन्हा गिऱ्हाईक झाले. वार्षिक सभेस जाणे थांबले, हिशेब विचारणे थांबले, केवळ भाव तेवढा पाहिला जाऊ लागला. उलट १९७५ साली सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत पाहा. तिने दुकानच काढले नाही. शेजारची कुटुंबे एकत्र येतात, एकत्रित मागणी नोंदवितात आणि आलेला माल आपापसांत वाटून घेतात. तेथे काम सर्वांना करावे लागते, म्हणूनच ती आपली वाटते.

सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या मंडळाकडे पाहताना हाच विचार मनात येतो. मंडळ हेही एक लहान दुकानच आहे. येथे गणपतीचा प्रसाद मिळतो, नाटक मिळते, दोन शब्द मराठी बोलावयास मिळतात. ‘यंदाचा कार्यक्रम बरा झाला’ किंवा ‘जेवण साधारण होते’ असा अभिप्राय देऊन घरी जाणे सोपे आहे. ते गिऱ्हाइकाचे काम झाले. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी आपल्या घरच्या सतरंज्या आणून हे मंडळ मांडले, ते गिऱ्हाईक नव्हते. पुढील बैठकीत नव्या दुकानातील पोह्यांची चर्चा अवश्य व्हावी. मात्र ती संपल्यावर खुर्च्या कोणी उचलावयाच्या आणि हिशेबाची वही कोणी वाचावयाची, हेही तेथेच ठरावे, एवढीच विनंती.